निळ्या चिंध्या

पोलिसातून निवृत्त झाल्यावर लोकांनी माझ्याकडून बरीच प्रकरणं ऐकली. हे एक मी दर वेळी गाळलं. विसरलो म्हणून नाही.

साकोलीकडच्या जंगलात तेंदूपत्ता तोडायला गेलेली एक बाई गोळी लागून मेली. कोणीतरी शिकारीला बसलं होतं, झुडूप हललं, त्याने बार काढला. शवविच्छेदनात निघालेल्या गोळीवर तांब्याचं आवरण होतं. म्हणजे तोंडातून दारू ठासायची गावठी भरमार बंदूक नव्हे, रायफल. अशा गोळ्या झाडल्या की नळीत तांब्याचा थर बसतो. तो काढायला अमोनियाचं द्रावण लागतं, आणि तांबं सुटलं की चिंधी निळी होते. हे मी प्रशिक्षणात शिकलो होतो. खबऱ्यांना सांगून ठेवलं, निळ्या चिंध्या दिसल्या तर कळवा.

खरं तर तालुक्यातल्या परवान्याच्या रायफली आधी मागवायला हव्या होत्या. पण परवानाधारक वजनदार माणसं होती आणि वरून रोज विचारणा होत होती. तेवढ्यात एक खबऱ्या आला.

"साहेब, आमच्या वस्तीतला एक माणूस घरी बाजा धुऊन राहिला. चिंध्या निळ्याशार. वास असा का डोये झोंबते."

आमच्या भागातले चोरटे शिकारी बंदुकीला बाजा म्हणत. मी पुढचं ऐकलंच नाही.

तो माणूस लग्नाच्या बँडमध्ये ट्रम्पेट वाजवायचा. झडतीत चिंध्या सापडल्या, अमोनियाची बाटली सापडली. रायफल नव्हती. पंचनामा करून त्याला ठाण्यात आणलं.

"बाजा कुठं लपवला?" मी विचारलं.

"लपवाले काय झालं, साहेब? खुटीले टांगून हाय. तुमच्या जमादाराच्या पोराच्या वरातीत मीच त वाजवला. नाचले होते तुमी बी."

मागे एक शिपाई हसला. ते हसू मला झोंबलं आणि माझा हात उठला. त्याचा समोरचा दात पडला. त्यानंतर मी म्हणेन त्याला तो हो म्हणत गेला. रायफल तलावात टाकली, असंही म्हणाला. आम्ही तलावात माणसं उतरवली. गाळ निघाला.

मग नाइलाजाने परवान्याच्या रायफली मागवल्या. एका प्रतिष्ठित गृहस्थाचं म्हणणं, कित्येक वर्षांत बार काढलेला नाही. त्याच्या गोठ्यामागे चिंध्यांचा बोळा सापडला. काही दारूच्या काजळीने काळ्या, काही निळ्या. मी ठाण्यात येऊन मुद्देमालाची पुडी सोडली. बँडवाल्याच्या चिंध्या नुसत्या निळ्या होत्या. काजळीचा एक ठिपका नव्हता. पितळेतही तांबं असतं. त्याने लगीनसराईसाठी ट्रम्पेट घासला होता, इतकंच. पुढे प्रयोगशाळेने त्या गृहस्थाच्या रायफलीशी गोळी जुळवली.

बँडवाल्याला सोडलं त्या दिवशी त्याने ठाण्याच्या दारातच ट्रम्पेट ओठांना लावला. फुंक दाताच्या फटीतून निसटली. पुन्हा लावला.

"सूर नाई लागून राहिला, साहेब," तो म्हणाला. जणू चूक त्याचीच होती.

पुरावा खोटा नव्हता. चिंधी खरोखर तांब्यानेच निळी झाली होती. मला अर्धं माहीत होतं आणि उरलेलं मी त्याच्या गरिबीवरून भरून काढलं. खबर ज्याच्याबद्दल असेल, तिच्यातल्या शब्दाचा अर्थही त्याच्याच घरचा धरा, हे मी पुढे हाताखालच्या प्रत्येक नव्या अधिकाऱ्याला सांगितलं. कुठे शिकलो ते सांगितलं नाही.

यंदा एका लग्नात तो दिसला. केस पिकलेले. बँडच्या मागच्या रांगेत झांज वाजवत होता. वरात मांडवाशी थांबली तेव्हा मी त्याच्याजवळ गेलो. वाक्य मनात जुळवून ठेवलं होतं. त्याने ओळखलं, झांज काखेत धरून हात जोडले.

"साहेब, जेवन झालं का? आताच बसून घ्या, मंग गर्दी होते."

"हो, बसतो," मी म्हणालो, आणि पंगतीकडे गेलो.