पोचल्याचा निरोप

रामदासपेठेतल्या एका खाजगी हॉस्पिटलच्या लॅबमध्ये मी रक्त तपासते, आणि गेली काही वर्षं रात्रीच तपासते. दिवसपाळी मागितली असती तर मिळाली असती. पण मागायचं म्हणजे वरच्यांच्या केबिनमध्ये उभं राहून आपली अडचण सांगायची, आणि ते मला जन्मात जमलेलं नाही. कोणाच्या उपकारात राहायचं नाही, आपल्यापायी कोणाला त्रास होऊ द्यायचा नाही, हा माझा तोरा. त्या तोऱ्यानं काय केलं ते सांगताना अजून माझे कान गरम होतात.

रात्री आमचं चौघांचं टोळकं असतं. आयसीयूतल्या नर्स, आमच्या ताई, वयानं आणि नोकरीनं सगळ्यांत मोठ्या. औषधांच्या काउंटरवर दादा, बोलायला लागला की थांबत नाही. आणि मामा, म्हणजे पेशंटचं स्ट्रेचर ढकलणारे. हॉस्पिटलात या कामातल्या सगळ्यांना मामाच म्हणतात. मामा मूळचे मिरचीसाठी प्रसिद्ध असलेल्या भिवापूरचे, त्यामुळे त्यांच्या डब्यातली भाजी बघूनच घाम फुटतो. दादा ती खाऊन नाक पुसत "मामा, अजून वाढा गा" म्हणतो. मी कुठलाही डबा आधी हुंगून मग घास घेते, म्हणून ताई मला म्हणतात, "जेव ना वं, रिपोर्ट काहून काढून राहिली?" दिवसा कोणी मला असं बोललं असतं तर मी आठवडाभर त्याच्याशी बोलले नसते. रात्री चालतं.

आमचा एक नियम होता, तो ताईंनी घातलेला. सकाळी घरी पोचलं की फोनवरच्या आमच्या ग्रुपवर लिहायचं, ‘पोचली’ किंवा ‘पोचलो’. बाकी काही नाही, फूल नाही, सुप्रभात नाही. चौघांचे निरोप आले की मगच झोपायचं. रात्रभर जागलेलं माणूस सकाळी गाडी चालवतं तेव्हा त्याचे डोळे उघडे असले तरी ते जागं असतंच असं नाही. आमच्या आधीच्या एका वॉर्डबॉयची गाडी अशीच दुभाजकावर चढली होती. सोबतचे सगळे घरी जाऊन झोपले होते, त्यामुळे तो कुठे आहे हे संध्याकाळपर्यंत कोणालाच कळलं नव्हतं. ताई त्या पाळीत होत्या. त्याचं पुढे काय झालं ते त्या सांगत नाहीत, आम्हीही विचारत नाही.

मामा इमामवाड्यात राहतात, पायी घरी जातात. दादा धंतोलीत. ताई दीक्षाभूमीच्या मागच्या वस्तीत. आणि मी पारडीच्याही पुढे, भंडारा रोडवरच्या एका लेआउटमधल्या नव्या वसाहतीत, बाबांसोबत. सकाळी पूर्वेकडे जायचं म्हणजे ऊन सरळ डोळ्यांत येतं. त्यात मौद्याकडे जाणारे ट्रक, खोदून ठेवलेला रस्ता, पारडीची गर्दी. तिघांचे निरोप येऊन जायचे आणि माझा कुठेच पत्ता नसायचा. ताईंची मुलगी दुपारी शाळेतून येते, तिच्याआधी त्यांना उठावं लागतं. म्हणजे माझ्या वाटेचा जेवढा उशीर, तेवढी त्यांची झोप जायची.

एकदा जेवताना ताई सहज म्हणाल्या, "तुया घरी जायले पासपोर्ट लागते का वं?" दादा हसला, मामा हसले, मीही हसले. पण ते मला लागलं. ताईंच्या डोळ्यांखाली काळं दिसत होतं आणि ते माझ्यामुळे आहे असं मी मनाशी ठरवून टाकलं. साधं म्हणता आलं असतं, की ताई, तुम्ही झोपत जा, मी नाही पोचले तर तुम्हाला फोन करायला बाबांना सांगते. पण तसं म्हणणं म्हणजे माझा त्रास होतो हे कबूल करणं. दुसऱ्या दिवशी सकाळी मी पारडीच्या अलीकडे एका चहाच्या टपरीपाशी गाडी थांबवली, हेल्मेट काढलं आणि लिहिलं, ‘पोचली’.

लगेच ताईंचा अंगठा आला. म्हणजे त्या आता झोपणार. मला इतकं बरं वाटलं की काय सांगू. आपण कोणाला तरी काहीतरी दिलं आणि त्याला ते कळलंही नाही, याचा एक वेगळाच माज असतो. मग रोजचंच झालं. टपरीवाला मला ओळखायला लागला. काही दिवसांनी ताई म्हणाल्या, "आजकाल लवकर पोचून राहिली तू. मस्त झोप लागते मले." मी म्हटलं, "रस्ता झाला ना ताई नवीन." रस्ता तेव्हा जितका खोदलेला होता तितकाच होता.

मागच्या हिवाळ्यातल्या एका सकाळी मी तशीच थांबले, निरोप लिहिला, अंगठा आला, गाडी काढली. त्यानंतरचं मला फार थोडं आठवतं. ऊन आठवतं. सिमेंट रोडच्या कामासाठी टाकलेला गिट्टीचा ढीग आठवतो, तोही पलीकडून, म्हणजे मी त्याच्यावरून गेल्यानंतरचा. पाय गाडीखाली होता आणि फोन कुठेतरी फुटून पडला होता. एका ऑटोवाल्यानं मला उचलून जवळच्या छोट्या दवाखान्यात नेलं. नडगीचं हाड मोडलं होतं.

तिथली सिस्टर विचारत होती, "कोणाला कळवायचं? नंबर सांगा." आमच्या हॉस्पिटलचा नंबर मला तोंडपाठ होता. बाबांचाही होता. पण बाबांना कळवलं असतं तर त्यांनी घाबरून हॉस्पिटललाच फोन लावला असता, तिथून ताईंना कळलं असतं, आणि ताईंनी पहिला प्रश्न विचारला असता, की तू तर पोचली होतीस ना? पाय मोडून पडलेल्या माणसाला हे सुचावं, याची मला सगळ्यात जास्त लाज वाटते. मी म्हटलं, "आत्ता नको. सगळे झोपले असतील." सिस्टर माझ्याकडे बघतच राहिली. भर सकाळी कोणाचं सगळं घर झोपलेलं असतं? तिला वाटलं डोक्यालाही मार लागलाय. तिनं डॉक्टरला तसं सांगितलं, आणि मला इंजेक्शन देऊन पडू दिलं.

बाबांना दोन्ही कानांनी कमी ऐकू येतं. मी कधी कधी दुसऱ्याची पाळीही करते, त्यामुळे दुपारपर्यंत आले नाही तरी ते घाबरत नाहीत. माझं ताट झाकून ठेवतात आणि पेपर वाचत बसतात. संध्याकाळी डब्यात काय आणतेस हे विचारायला ताईंचा फोन यायचा. त्या दिवशी माझा लागेना म्हणून त्यांनी बाबांना केला. पुढचं मला दोघांनीही सांगितलं आहे, आणि दोघांनीही एकसारखंच सांगितलं आहे.

बाबा म्हणाले, ती आली नाही. ताई मोठ्यानं म्हणाल्या, "आली बाबूजी, आली! सकाळीच पोचली ते. आतमंधी पाहा, झोपली असंन." बाबांनी माझी खोली पाहिली. नाही म्हणाले. ताईंना वाटलं त्यांना नीट कळलं नाही. त्या पुन्हा ओरडल्या, पुन्हा बघायला लावलं. बाबांनी न्हाणीघर पाहिलं. गुडघे धरून गच्चीवर गेले, पाण्याच्या टाकीमागे पाहून आले. ताई ठाम होत्या, कारण माझा निरोप त्यांच्यासमोर होता. शेवटी बाबा फोनमध्ये म्हणाले, "आली असंन तर दिसून काहून नाही राहिली मले?" हे वाक्य मला कळलं तेव्हा मी पलंगावर तोंड भिंतीकडे करून पडले.

दादा आणि मामा गाडी घेऊन भंडारा रोडनं विचारत निघाले. त्या टपरीवाल्यानंच सांगितलं. "त्या मॅडम ना? रोज थांबतात इथं, मोबाइलवर काही लिहितात अन् जातात. आजही थांबल्या होत्या. पुढं गिट्टीवर पडल्या म्हणे. ऑटोवाल्यानं तिकडच्या छोट्या दवाखान्यात नेलं." दादानं तिथून गाडी थेट दवाखान्यापाशी आणली आणि ताईंना फोन लावला.

ताई थेट ड्यूटीच्या कपड्यांत आल्या. आधी माझ्या पायाची बोटं दाबून पाहिली, रंग पाहिला, नाडी पाहिली. मग स्टुलावर बसल्या.

"कधीपासून?"

"दिवाळीच्या आधीपासून."

"काहून पण?"

"तुमची झोप होत नव्हती ताई, माझ्यामुळे."

त्या माझ्या प्लास्टरकडे बघत म्हणाल्या, "आज झाली माझी झोप. मस्त झाली. तू रस्त्यावर पडून होती अन् मी घोरून राहिली होती." आणि पदर नव्हता म्हणून हातानंच तोंड पुसत बाहेर निघून गेल्या. त्यांनी दोन थोबाडीत दिल्या असत्या तर मी त्या आनंदानं घेतल्या असत्या. त्यांनी दोष स्वतःवर घेतला, आणि तो काढून घ्यायला माझ्याकडे काहीच उरलं नव्हतं. मी काय म्हणणार होते, माझ्यावर विश्वास ठेवा?

प्लास्टर असेपर्यंत मामा दोनदा डबा घेऊन आले. दादा फोन करायचा, थट्टा सुरू करायचा आणि मध्येच विषय बदलायचा. ताईंची मुलगी मात्र एकदा त्यांच्या फोनवरून माझ्याशी बोलली. "मावशी, तुम्हीच सांगा ना आईले. ते आता दिवसा झोपतच नाही. खिडकीपाशी बसून राहते." मी सांगते म्हणाले. सांगितलं नाही. कुठल्या तोंडानं सांगणार?

पाय बरा झाल्यावर मी पुन्हा रात्रीच्या कामाला गेले. आता प्रजापती नगरपर्यंत मेट्रो आणि पुढे ऑटो. हे आधीही करता आलं असतं. पण स्वतःची गाडी असताना ऑटोवाल्याची वाट का बघायची, हाही त्याच तोऱ्याचा भाग. पहिल्या रात्री सगळे माझ्याशी फार सांभाळून बोलले. मी डबा हुंगला, आणि ताई काही बोलल्या नाहीत.

सकाळी घराचं दार उघडून, आत पाऊल टाकून, बाबांच्या समोर उभं राहून मी लिहिलं, ‘पोचली’. मामांचे जोडलेले हात आले. दादाचा अंगठा आला. ताईंनी वाचल्याची खूण दिसली, पण अंगठा आला नाही.

मग बाबांच्या खिशातला फोन थरथरला. त्यांना तो छातीवर कळतो. त्यांच्या आधी मीच काढून घेतला. "ताई, पोचली मी. खरंच पोचली."



"तू नको बोलू," ताई हळू म्हणाल्या. रागानं नाही, दमलेल्या आवाजात. "बाबूजीले दे."

मी दिला. बाबांनी फोन कानाला घट्ट लावला आणि ते पूर्ण गल्लीला ऐकू जाईल असं ओरडले, "हो, आली! आली! माझ्या समोरच उभी आहे. हो, मी पाहून राहिलो तिले!"

तेव्हापासून रोज असंच चालतं. मी चपला काढायच्या आधी बाबांसमोर जाऊन उभी राहते, ते मला वरपासून खालपर्यंत बघतात आणि मग ताईंना सांगतात. त्यांना यात काही वावगं वाटत नाही, उलट काम मिळाल्यासारखे खूश असतात. मी तोंड खाली घालून उभी असते. ग्रुपवर मीही लिहिते, पण ते कोणी वाचतं की नाही कोण जाणे.

परवा मी आले तर घराला कुलूप होतं. माझ्याजवळची किल्ली लावून मी आत शिरत होते तेवढ्यात माझाच फोन वाजला. बाबा उचलत नाहीत म्हणून ताईंनी मला केला होता. "ते बँकेत गेले असतील ताई, पेन्शनचं काम होतं," मी म्हटलं. "मी घरात आहे. व्हिडिओ कॉल करू का? तुम्ही झोपा ना."

"राहू दे," ताई म्हणाल्या. "येऊ दे त्यायले."

मी फोन हातात घेऊन पायरीवर बसले. झोपेनं डोळे मिटत होते, पण आत जाऊन आडवं व्हायची हिंमत होईना. तिकडे दीक्षाभूमीच्या मागे ताईही तशाच बसल्या असणार. दुपार व्हायला आली तेव्हा बाबा कोपऱ्यावर दिसले. मी उठले, ताईंना फोन लावत लंगडत पुढे गेले आणि रस्त्यातच तो त्यांच्या हातात दिला.