अंगावर शिवलेली जीन्स

एसटी फाट्यावर येऊन उभी राहिली तेव्हा माझ्या तोंडात गवताची काडी होती आणि आई माझ्या पायाशी बसून माझी जीन्स शिवत होती. मी लातूरला अकरावीला चाललो होतो. सोबत पत्र्याची पेटी, सतरंजी आणि शेंगदाण्याच्या चटणीचा डबा. घरून फाट्यापर्यंत चालतानाच डाव्या पायाची दुमड उसवली आणि वीतभर कापड चिखलात लोळायला लागलं. आईनं पोलक्याला टोचलेली सुई काढली. सुईत पांढरा दोरा होता, तोच चालवला.

"तोंडात काडी धर रं," ती म्हणाली. "अंगावर कापडं शिवत नसतेत."

ज्यांना हे ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. अंगावरचा कपडा शिवायचा तो मढ्याचा, जित्या माणसाचा नाही, असं आमच्याकडच्या बायका मानतात. नाइलाजच झाला तर कपडा ज्याच्या अंगावर आहे त्यानं गाठ पडेपर्यंत दातात काडी धरायची आणि बोलायचं नाही. दोन वर्षांपूर्वीच्या भूकंपात माझी धाकटी बहीण सुमन गेली होती. आईला उरलेलं लेकरू मी एकटा. सोळा वर्षांचा होतो, त्या काडीत तिचा किती जीव अडकलाय हे मला कळत नव्हतं असं नाही. पण एसटीच्या खिडकीतून माझ्याच शाळेतल्या दोन मुली बघून हसल्या, आणि मला त्या काडीची, त्या पांढऱ्या दोऱ्याची, सगळ्याचीच अशी शिसारी आली की गाठ पडायच्या आत मी काडी थुंकली आणि गाडीत चढलो. दोरा सुईतून निघून माझ्यासोबत आला.

नीट जा, जेवत जा, असं काही आई म्हणाली नाही. "काडी टाकलास का रं?" एवढंच ओरडली.

त्या जीन्सची किळस आधीपासून होतीच. भूकंपानंतर आम्ही पत्र्याच्या शेडात राहत होतो तेव्हा कपड्यांचे ट्रक यायचे. पुष्कळांनी धुऊन, घड्या घालून पाठवलं होतं, त्यांचे उपकार मी विसरलो नाही. पण पुष्कळांनी आपल्या घरातली अडगळ काढून आमच्या अंगावर टाकली होती. चेन तुटलेल्या पॅन्टी, एकेकटे मोजे, बिनबाह्यांचे झगे. शेडातल्या बायका त्या ढिगाजवळून जाताना नाकाला पदर लावायच्या. माझ्या वाट्याला आलेली जीन्स कुण्या ताडमाड माणसाची होती, आणि तिच्या मागच्या खिशात वाळून दगड झालेलं च्युइंगम होतं. आईनं ते रॉकेल लावून खरवडलं, पॅन्ट दोनदा उकळली आणि पेटीत ठेवून दिली. दहावी झाल्यावर बाहेर काढली तरी ती लांबच. "कापू नको, वाढतंय आजून पोरगं," वडील म्हणाले. म्हणून आईनं जास्तीचं कापड आत दुमडून टाके घातले.

लातुरात तेव्हा गल्लोगल्ली क्लास निघत होते. ज्याच्या घराला वरचा मजला, तो पोरं ठेवायचा. आमच्या खोलीत आम्ही तिघं. देगलूरचा व्यंकट, त्याचं ठाम मत असं की जीन्सनं बुटाची टाच झाकलीच पाहिजे. त्यामुळे त्याच्या पॅन्टीची मागची कड टाचेखाली येऊन चिंध्या झालेली, आणि गल्लीतलं गटाराचं पाणी पोटरीपर्यंत चढलेलं. त्याच पॅन्टीनं तो माझ्या सतरंजीवर मांडी घालून बसायचा. "जीन्स धुवायची नसती, कलर जातो," म्हणायचा. मुदखेडच्या अन्वरचं उलटं. त्याची इतकी तंग, की घालताना पावलावर प्लास्टिकची पिशवी चढवावी लागे, नाहीतर पाय आत जायचा नाही. "फिटिंग बघून राहिला न तू?" असं विचारत तो आरशासमोर वळायचा. बसताना मात्र बिचाऱ्याला श्वास रोखून धरावा लागे. मला दोघांचाही वीट यायचा.

दोघांचं एका गोष्टीवर एकमत होतं. माझी जीन्स भिकार होती. निळ्यावर पांढरे टाके लांबून दिसायचे. "काय रं, भूकंपाच्या ढिगातली हाय का काय?" व्यंकट एकदा सहज म्हणाला. त्याला काहीच माहीत नव्हतं. मीही हसलो, आणि त्याच संध्याकाळी गंजगोलाईच्या बाजाराजवळच्या एका गल्लीत इस्माईलचाचांच्या शिलाईच्या दुकानात गेलो.

चाचांनी दुमड बोटांनी चाचपली. "कापड आत राहू दे बेटा. अजून उंची वाढायची हाय तुझी."

"कापा," मी म्हणालो.

दोन्ही पायांची दुमड, आईच्या टाक्यांसकट, कात्रीनं गेली. मला फार हलकं वाटलं.

रविवारी सकाळी आई खोलीवर आली. दोन गाड्या बदलून, एकटी. याआधी ती एकटी तालुक्यालाही गेली नव्हती. व्यंकट आणि अन्वर आंघोळीला गेले होते. मला वाटलं डबा घेऊन आली असेल. ती खाली बसली आणि आधी माझा डावा पाय धरला.

"ती शिवण उसवाया आलेय. उसवते आन् परत घालते. ह्या बारी काडी टाकू नको." मग तिला दिसलं. "कुटं गेली शिवण?"

मी सांगितलं. तिनं माझा पाय सोडला. "उसवायच्या आदी कापलास? आता ती तशीच ऱ्हायली की रं तुज्या नावावर."

असल्या खुळचटपणाची मला चीड आली. चिडचिडतच मी तिला चाचांच्या दुकानापर्यंत नेलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. हसले नाहीत. "बसा माय. चिंधी मी फेकत नाही, उशांत भरतो. सापडंल," असं म्हणून त्यांनी भर रस्त्यात चिंध्यांचं पोतं पालथं केलं आणि स्वतःही शोधायला बसले. आई पायरीवर बसून एकेक चिंधी उलटून बघत होती. मी चार पावलं लांब, रस्त्याच्या पलीकडे जाऊन उभा राहिलो.

नेमकी तेवढ्यात व्यंकट आणि गल्लीतली पोरं आंघोळी उरकून नाश्त्याला तिथून निघाली. "ती बाई काय हुडकून राहिली रं चिंध्यांत?" एकानं विचारलं. "कोण हाय ती?"

"काय की. खेड्यातली दिसती कुणीतरी," मी म्हणालो.

रस्ता अरुंद होता. आईला ऐकू गेलं. तिनं मान वर केली नाही. थोड्या वेळानं तिला तो तुकडा सापडला. तिनं सुईच्या टोकानं एकेक टाका उसवला, पांढरा दोरा बोटाला गुंडाळला आणि कमरेला खोचला. "आता काळजी न्हाई," ती चाचांना म्हणाली. मग उठली आणि पोरांच्या समोरून, माझ्याही समोरून, अनोळखी बाईसारखी स्टँडकडे चालती झाली. माझं खोटं तिनं जपलं. तिनं आणलेला डबा मला संध्याकाळी खोलीत पेटीमागे सापडला.

त्यानंतर मला कितीतरी गोष्टींची किळस आली, पण स्वतःची आली तेवढी कशाचीच आली नाही.

पुढे नांदेडला इंजिनिअरिंग, मग पुण्यात नोकरी, फ्लॅट, ईएमआय. तुम्ही जे गावातच राहिलात, तुम्हाला वाटतं आम्ही सुटलो. आणि तुम्ही जे माझ्यासारखे निघून आलात, तुम्हाला माहीतच आहे. माझी मुलगी गुडघ्यावर फाटलेली जीन्स ऑनलाइन मागवते, आणि पुरेशी फाटलेली नाही म्हणून रिटर्न करते. ऑफिसातली पोरं वाकली की मागून नको ते दिसतं. आमच्या सोसायटीत पूरग्रस्तांसाठी जुने कपडे गोळा करायचा बॉक्स ठेवतात, आणि त्यात तुटक्या चेनच्या, घामट वासाच्या जीन्स पडतात. दरवेळी मी खाली जाऊन सगळे खिसे तपासतो. गेल्या वेळी गुटख्याची पुडी निघाली. "डोनेशनच आहे ना," शेजारी म्हणाले. मी ती पुडी त्यांच्या हातावर ठेवली. तेव्हापासून लिफ्टमध्ये ते माझ्याशी बोलत नाहीत.

गेल्या महिन्यात आईला भेटायला गेलो. पुनर्वसनाच्या गावातलं तिचं घर, गल्ल्या सरळ, झाडं आता मोठी झालीत. वडील गेल्यापासून ती एकटीच असते, पुण्याला येत नाही. मी निघालो, गाडीवाला बाहेर उभा होता, तेवढ्यात तिची नजर माझ्या पायांवर गेली. अँकल लेन्थची जीन्स होती, मुलीनं वाढदिवसाला दिलेली.

"आखूड हाय की," ती म्हणाली. "कुणाची हाय?"

"माझीच आहे. नवी."

"नवी, मग तुज्या मापाची का न्हाई?" तिनं वाकून कड उलटून पाहिली. आत दुमड नव्हती. तिला ते पटलंच नाही. माझ्या पॅन्टीची लांबी ज्या माणसाला अजून खटकते, ते माणूस जिथं आहे तेच माझं घर, दुसरं नाही. कडेचा एक टाका निघून दोरा लोंबत होता. "उबा ऱ्हा," म्हणून तिनं सुई काढली. दोरा मी ओवून दिला, तिला आता दिसत नाही. मग तिनं सांगायच्या आत खराट्याची एक काडी मोडून मी दातात धरली.

एकेका टाक्याला वेळ लागत होता. गाडीवाल्यानं हॉर्न दिला.

"त्या दिवशी त्या पोरानं इचारलं," ती खालीच बघत म्हणाली, "ती बाई कोण हाय म्हणून."

माझे ओठ हलले असावेत.

"बोलू नको," आई म्हणाली. "गाठ पडायची हाय आजून."