हमीदच्या आईचं नाव

मंगल गेली तेव्हा मी दुकानात होतो, वणीच्या एका बागायतदाराला द्राक्षांवरच्या भुरीचं औषध काढून देत. कोर्टातून तिच्या ज्युनिअरचा फोन आला, "काका, लगेच या." मी पोहोचेपर्यंत सगळं संपलं होतं. बाररूममधल्या बाकावर बसल्या बसल्या, हृदयविकाराने… सकाळी निघताना ती एवढंच म्हणाली होती, "अहो, डब्यात गवार आहे, तोंड वाकडं न करता खा." नवऱ्याशी आपलं शेवटचं बोलणं गवारीवरून झालं हे तिला कळलं असतं, तर ती पोट धरून हसली असती. माझ्या घशाखाली मात्र गवार अजून उतरत नाही.

तिची वकिली जमिनीच्या वाटण्यांची, बांधावरच्या भांडणांची. त्यामुळे हमीदचं प्रकरण तिने घेतलं तेव्हा मीच म्हणालो होतो, "नसती उठाठेव कशाला?" हमीद अफगाणिस्तानातून नाशिकला शिकायला आलेला तरुण. त्याची आई तिकडे घरातच मुलींची शाळा चालवायची आणि इथे येण्याआधी हा तिथे गणित शिकवायचा. मागे तिकडे सत्ता बदलली, नव्या सत्तेची माणसं त्याला शोधत घरी येऊन गेली, त्या धसक्याने आई वारली. परत गेलो तर जिवंत राहणार नाही, मला इथेच आसरा द्या, असा त्याने अर्ज केला. तो फेटाळला गेला आणि देश सोडायची नोटीस आली. कारण काय, तर मुलाखतीत अर्ज तपासणाऱ्या साहेबांनी शाळा चालवणाऱ्या आईचं नाव विचारलं आणि हा मान खाली घालून गप्प. पुन्हा विचारलं, पुन्हा गप्प. ज्याला आईचं नाव सांगता येत नाही, त्याची शाळा खरी कशी मानायची?

मंगलनेही पहिल्याच भेटीत तेच विचारलं. तो म्हणाला, "ताई, आमच्याकडे परक्यासमोर आईचं नाव घेत नाहीत. जीभच वळत नाही." त्या दिवशी जेवताना तिला सिन्नरकडची स्वतःची आई आठवली. रेशनच्या दुकानात नवऱ्याचं नाव विचारलं की ती मंगललाच पुढे ढकलायची, "ए मंगल, सांग बरं तुह्या बापाचं नाव." नवरा वारल्यावर तलाठ्यापुढेही तिच्या तोंडून ते निघालं नाही. "अहो, माझी आई खोटारडी होती का?" मंगलचे डोळे भरून आले होते. मी वातावरण हलकं करायला म्हटलं, "तूसुद्धा मला कधी नावाने हाक मारली नाहीस." ती म्हणाली, "मग? आपलं लग्नच झालं नाही म्हणायचं का?"

हाच मुद्दा तिने उच्च न्यायालयात मांडला. अशा याचिकेत न्यायाधीश 'याला राहू द्या' असं सहसा म्हणत नाहीत. नकार देताना त्याचं नीट ऐकून घेतलं का, एवढंच पाहतात, हे तिने हमीदला आधीच बजावलं होतं. खोटी आशा दाखवणं तिच्या स्वभावात नव्हतं. न्यायालयाने नकार रद्द केला. त्याला पुन्हा ऐका, गप्प का राहिला तेही विचारा, नाव हवं तर लिहून देऊ द्या आणि तोवर त्याला पाठवू नका, असा आदेश झाला. मंगल मुंबईहून पेढे घेऊन आली आणि मधुमेहाला न जुमानता आधी स्वतः खाल्ले. फेरसुनावणी होईपर्यंत मात्र ती राहिली नाही. हमीदबरोबर तिची ज्युनिअर गेली.

परवा तो घरी आला. "काका, राहायची परवानगी मिळाली," एवढंच म्हणाला आणि मंगलच्या फोटोपुढे खाली बसला. मी चहा करून बाहेर आलो तरी तसाच बसलेला… मग म्हणाला, "ताईंनी परत कधी नाव विचारलं नाही. म्हणायच्या, तू साहेबांना लिहून दे, मी बघणार नाही." चहाचा कप त्याने बाजूला ठेवला. "घरातल्या माणसांसमोर घेतलं तर चालतं आमच्याकडे." आणि फोटोकडे बघत त्याने आईचं नाव घेतलं, एकदाच, हळू आवाजात.

ते नाव मी इथे लिहीत नाही. त्याने ते घरात सांगितलंय.