चपला चालू लागल्या

शिवणकाम करणाऱ्या काकूंना सगळी गल्ली मशीनकाकू म्हणायची. त्यांचे यजमान आयुष्यभर लिफ्टदुरुस्तीच्या कामावर होते. निवृत्त झाल्यापासून गच्चीवरच्या खोलीत खुडबुड करत बसायचे. काय करता म्हणून विचारलं, तर उत्तर एकच, "असंच." काकूंनीही नाद सोडला होता. हा माणूस आपल्याकडे धड बघतसुद्धा नाही, असं त्यांनी कधीच गृहीत धरून टाकलं होतं.

मग घरातल्या वस्तू नाहीशा होऊ लागल्या. आधी झारा, मग जुनी छत्री, मग कपडे बेतायची मोठी कात्री. शेवटी घरात वापरायच्या चपला गेल्या, तेव्हा मात्र काकूंचं डोकं फिरलं. बाहेरून घरात येणारी एकटी भांडीवाली. काकूंनी तिला फैलावर घेतलं, नको नको ते बोलल्या. ती शपथा घेत राहिली, रडली आणि निघून गेली. यजमान समोरच जेवत होते. त्यांनी ताटातून मान वर केली नाही.

पुढे एकदा काकू गच्चीवर कपडे वाळत घालायला गेल्या, तर खोलीचं दार सताड उघडं. आत सळयांची माणसाएवढी चौकट उभी होती. तिच्यावर झारा, छत्री, कात्री, सगळं जागच्या जागी बसवलेलं. काकूंनी बटण दाबलं.

पंख्याची जुनी मोटर घुरघुरली, सायकलचं चाक फिरू लागलं. झारा खालीवर झाला. छत्री उघडली, मिटली. कात्री हवेतच कापड कापू लागली. आणि तळाशी चपला चालू लागल्या. उजवी सरळ पडायची, डावी जराशी घासत यायची. जिन्यावरून पडल्यापासून काकू अश्शाच चालत. त्यांच्या अंगावर सर्रकन काटा आला. त्या तिथल्या खोक्यावर बसल्या.

यजमान वर आले, तेव्हा यंत्र चालूच होतं.

"ही मी?"

"तूच," ते ओशाळून म्हणाले. "पुरं झालं की दाखवणार होतो."

"आणि भांडीवालीला मी चोर ठरवलं, तेव्हा तोंडाला कुलूप लागलं होतं तुमच्या?"

तेव्हा सांगितलं असतं तर तू सगळं मोडून टाकलं असतंस, असं काहीसं ते पुटपुटले. काकूंच्या मनात आलं, आपलं पाऊल इतकं बारकाईने टिपणाऱ्या माणसाला समोरचं रडणं ऐकू आलं नाही? आणि तोंड तर आपलंच सुटलं होतं.

त्या यजमानांना तडक भांडीवालीच्या दारात घेऊन गेल्या. तिने दोघांना आत घेतलं नाही. गल्लीत बोभाटा झाल्यामुळे तिची आणखी दोन घरं सुटली होती.

"मला एकटीला सांगून काय उपयोग?" ती म्हणाली. "सगळ्यांना सांगा."

दुसऱ्या दिवशी यजमानांनी यंत्र खाली अंगणात आणलं आणि जमलेल्या शेजाऱ्यांसमोर, खाली बघत, कुठली वस्तू कशी उचलली ते सांगितलं. काकूंनी हात जोडून माफी मागितली. लोकांना यंत्राचंच कौतुक. भांडीवाली चपलांकडे बराच वेळ बघत उभी होती. मग निघून गेली. तिची ती दोन घरं परत मिळाली, पण काकूंकडे ती पुन्हा आली नाही.

यंत्र पुन्हा गच्चीवरच्या खोलीत गेलं, ते बघायला अजून माणसं येतात. काकू त्यांना गच्चीचा जिना दाखवतात, स्वतः मात्र खालीच थांबतात.