वरच्या विहिरीची पावडर

देवळाच्या पायरीखाली मला उभं केलं होतं. उन्हात. काखेत ब्लिचिंग पावडरची पिशवी. वर सावलीत गावकी बसलेली, वरच्या वाडीचे सगळे मानकरी. मी पहिल्या पायरीवर पाय ठेवला, तर अण्णा म्हणाले, "तिथूनच बोल गो. ऐकायला येतं."

मी सरकारी आरोग्यसेविका. लांज्यापासून आत, डोंगराच्या बाजूला हे गाव, आणि मी याच गावच्या बौद्धवाडीतली. शेजारच्या गावात पटकीची, म्हणजे कॉलऱ्याची, साथ येऊन ठेपली होती. मे महिना, विहिरींनी तळ गाठलेला. सगळ्या विहिरींत पावडर घालायची, असा वरून हुकूम होता.

अण्णा म्हणजे निवृत्त मास्तर. विरोधी पक्षाचे, आणीबाणीत तुरुंगात जाऊन आलेले. आणीबाणी उठून चार वर्षं झाली होती, पण नसबंदीची गाडी कोणी विसरलं नव्हतं. वरच्या वाडीतल्या दोघांना भर बाजारातून उचलून नेलं होतं, ते काही खोटं नव्हतं. अण्णा म्हणाले, "ज्या सरकारने माणसं खच्ची केली, त्याची पावडर आम्ही पाण्यातून प्यायची?" माना डोलल्या. सरपंच सरकारी पक्षाचा. तो म्हणाला, पावडर पडलीच पाहिजे. का? तर अण्णा नको म्हणतात म्हणून.

शेवटी ठरलं, देवीला कौल लावू. आमच्याकडे अडलेल्या गोष्टीचा निकाल असाच लागतो. गुरव देवीच्या अंगावर ओल्या कळ्या चिकटवतो. उजवी पडली तर हो, डावी पडली तर नाही. प्रश्न अण्णांनी घातला. "आई, जे हात आजवर तुझ्या पाण्याला लागले नाहीत, ते आता लागावेत काय?"

पटकीचं नावच नाही. प्रश्न पावडरीचा होता, तो माझ्या हातांचा कधी झाला, कळलंसुद्धा नाही. डावी कळी पडली. सगळ्यांनी हात जोडले. मीही जोडले. माझ्या बापसाने घरातले देव नदीत सोडले त्याला माझ्या वयाएवढी वर्षं झाली होती. तरी जोडले. सवयीने नाही, भीतीने.

खाली वाडीत आले. बापूस ओटीवर बसला होता. म्हणाला, "वरच्यांनी नको म्हटलानी? मग आपल्या हिरीत दोन मुठी जास्ती टाक." आणि खरंच लोकांनी माझ्या हातातून पिशवी घेऊन टाकली. पाण्याला असा वास सुटला की शेरडं तोंड लावेनात. माणसं मात्र ऐटीत प्यायली. वर नको, कारण सरकारची. खाली हवी, कारण वरच्यांना नको. पावडरीला पावडर म्हणून कुणी बघितलंच नाही. मेलं राजकारण, ते पाण्याच्या आधी पोटात गेलं होतं.

पटकी आली ती वरच्या वाडीत.

अण्णांची सून सुमतीवहिनी, नवरा मुंबईला गिरणीत. एका सकाळी गवताचा भारा घेऊन आमच्या बांधाशी आली. भारा नुसता दाखवायला. म्हणाली, "ताई, पोराला जुलाब लागलेत. ती पावडर घरात हंड्यात घालता येते?" वरच्या वाडीतलं कुणी मला ताई म्हणायची ती पहिलीच वेळ. मी पुडी बांधून दिली. सांगितलं, बादलीत कालवा, वरचं निवळलेलं पाणी घ्या, चमचाभर हंड्याला. पोराला मीठ-साखरेचं पाणी पाजत राहा. तिने पुडी पदराला बांधली आणि गेली. मला वाटलं, झालं माझं काम.

सासूला वास आला. हंडा अंगणात उपडा केला, आणि नवीन पाणी आणायला सुमतीवहिनीलाच विहिरीवर धाडलं. पोर वाचलं. तिला लागण झाली. डोलीतून रस्त्यापर्यंत आणली, तिथून जीप केली, पण रत्नागिरी काही गाठली नाही. पालीच्या अलीकडेच गेली.

तिचे तेरा दिवस होताच गावकीने मला पुन्हा बोलावलं. पुन्हा पायरीखाली, काखेत पुन्हा पावडरीची पिशवी. अण्णांचा आवाज बसलेला होता. म्हणाले, "तुझ्या पुडीने माझं माणूस गेलं. देवीपुढे नारळ ठेव आणि गावकीची माफी माग."

बापूस नारळ घेऊनच आला होता. माझ्या हातात कोंबत पुटपुटला, "ठेव नि सूट. ह्याच गावात ऱ्हवाचा हाय आपल्याला."

आणि खरं सांगते, मी ठेवणार होते. कारण मला अपराधी वाटतच होतं. चमचा म्हणाले, पण केवढा चमचा ते सांगितलं का? पुडी देऊन मी गप्प का बसले? तिच्या मागोमाग वर का गेले नाही, विहिरीवर का चढले नाही? रोज रात्री हेच. तिने ते पाणी तोंडालाही लावलं नव्हतं, हे मला ठाऊक होतं. तरी जिवाला लागलेलं सुटत नव्हतं. माफी मागून मोकळं व्हावं, इतकं ते जड झालं होतं.

मग मी वर बघितलं. मानकऱ्यांची भांडी मांडलेली, आणि त्यात त्याच विहिरीचं पाणी. अजूनही. बाई मेली आणि पाणी तेच.

मी नारळ बापसाकडे परत दिला. म्हटलं, "माफी मागायची तर सुमतीवहिनीची मागेन. ती इथे नाही. तुमची मागणार नाही."

अण्णा ओरडले नाहीत. एवढंच म्हणाले, "गावात राहायचंय ना?"

"राहायचंय," मी म्हटलं, आणि वरच्या विहिरीकडे चालू लागले. दिवसाढवळ्या, सगळ्यांच्या देखत. कठड्यावर चढले. बादली सोडली. पावडर कालवली, निवळू दिली, ओतली. मागे शिव्या चालू होत्या. एक दगड पाठीत बसला. बादली रिकामी झाल्यावरच मी खाली उतरले.

सुमतीवहिनीचं ओझं उतरलेलं नाही. उतरवायचंही नाही मला. त्या दिवसापासून जिथे साथ येते तिथे मी आधी विहिरीवर जाते. कुठल्याही पक्षाला, कुठल्याही गावकीला, माझ्या स्वतःच्या वाडीलासुद्धा, घालू का म्हणून विचारत नाही. का घालते ते सांगते, आणि घालते.