पुस्तिकेतलं झाड आणि दुक्मचा चहा

मस्कतमधल्या आमच्या अल् घुब्राच्या फ्लॅटमध्ये एक चकचकीत सरकारी पुस्तिका महिनाभर टीपॉयवर पडून होती. ‘दुक्मला या, नव्या शहरात घर करा’ अशा थाटाची. मुखपृष्ठावर समुद्र, हिरवंगार झाड आणि त्याखाली हसणारं कुटुंब. सचिनला, म्हणजे माझ्या नवऱ्याला, तिथे बदली मिळत होती आणि रविवारी हो-नाही कळवायचं होतं. "मी एकटा जातो, तुम्ही दोघी इथेच राहा. ओवीची शाळा आहे," हे त्याचं पालुपद. म्हटलं, बाबा रे, आधी बघून तर येऊ!

इथे सुट्टी शुक्रवार-शनिवारची, म्हणून शुक्रवारी पहाटे निघालो. सिनावमार्गे सहा तास. रस्ता गुळगुळीत, पण टाकी सिनावलाच फुल करा, पुढे पंप लांब लांब आहेत. उंट मधोमध ऐटीत उभे राहतात, हॉर्नला भीक घालत नाहीत. डब्यात थालीपीठं होती म्हणून निभावलं. हॉटेल आधीच बुक केलेलं बरं.

दुक्म म्हणजे रुंद रस्ते, नव्या इमारती आणि शोधून सापडणारी माणसं. पण समुद्र काय सांगू! मी भांडायच्या तयारीने गेले होते आणि चक्क पाघळले.

ओवी पुस्तिका हातात धरूनच फिरत होती. "आई, सेम ट्री!" कडुनिंब होता तो, आणि खाली चहाची टपरी. चहावाले हुबेहूब फोटोतले बाबा!

"मीच तो," दापोलीकडचे हसनभाई हसत म्हणाले. "पण बायको-पोरं माझी नाहीत, ताई. मस्कतहून पिकनिकला आलेली माणसं. फोटोवाला म्हणाला, यल्ला, चला, शेजारी उभे राहा. मी राहिलो. पुस्तक हौसेनं गावाला पाठवलं, तर बायको आठ दिवस फोनवर बोलली नाही!"

आम्ही पोट धरून हसलो. मग सचिनने विचारलं, "त्यांना इथे नाही आणलंत?"

"दोन वर्षं एकट्यानं काढतो म्हणून आलो होतो. अकरा झाली. हे झाड तेवढं मी लावलंय, भांडी विसळलेलं पाणी घालून."

सचिनचा चहा तसाच निवला. तुम्ही गेलात तर तिथला चहा गरम असतानाच प्या, शंभर बैशांत, म्हणजे आपल्या वीसेक रुपयांत, असा मिळणार नाही.

निघताना आमचा फोटो काढायला हसनभाईंनी माझा मोबाइल घेतला, तर ओवीने त्यांचा हात ओढला. "काका, तुम्ही पण!"

"थांब बाळा, या वेळी घरी आधी सांगतो," म्हणत त्यांनी खरंच दापोलीला फोन लावला.

शनिवारी परतलो. रविवारी संध्याकाळी अल् खुवैरच्या ऑफिसातून आला, चप्पलसुद्धा न काढता म्हणाला, "कळवलं. क्वार्टर तिघांचं मागितलंय. शाळेची सोय झाली तरच जाऊ."

"आणि नाही झाली तर?"

"तर मीही इथेच. एकट्यानं नाही जमायचं मला."

मला रडूच फुटलं. वर रागही आला. एवढं कळायला माणसाला जाऊन-येऊन हजार किलोमीटर गाडी हाणावी लागली!