अड्यारच्या आकाशाची नीळ

मागच्या फेब्रुवारीत सोलापूरहून चेन्नईला गेले ती चादरीत गुंडाळलेलं एक चित्र घेऊन. अड्यार नदी समुद्राला मिळते तिथलं जलरंगातलं चित्र. ओहोटी, वाळूचा पट्टा, खांद्यावर जाळं टाकलेला माणूस आणि वर मोठं आकाश. आम्ही चेन्नईत अंबत्तूरला राहत होतो तेव्हा ह्यांनी ते चित्रकाराच्या घरून घेतलं होतं. "उन्हात टांगू नकोस," असं नेहमी सांगत.

हे गेले, मी सोलापूरला मुलाकडे आले आणि चित्र खाटेवरून दिसावं म्हणून खिडकीसमोर टांगलं. तीन वर्षांत आकाश पांढरं पडलं. ह्यांची एवढी आवडती वस्तू मी बिघडवली, हे मनातून जाईना. चित्रामागच्या पुठ्ठ्यावर चित्रकाराचा पत्ता होता. पत्र टाकलं. चित्रकार वारले होते, पण त्यांच्या मुलीने, सुलोचनाबाईंनी, उत्तर पाठवलं, "घेऊन या."

रात्री सोलापूरला बसलं की गाडी दुसऱ्या दिवशी दुपार कलल्यावर चेन्नई सेंट्रलला पोचते. खालचा बर्थ हवा तर महिनाभर आधी तिकीट काढा. रेणिगुंट्याला दहीभात घ्या. सेंट्रलसमोरच्या पार्क टाउनहून उंचावरून धावणारी लोकल मिळते, रिकामी आणि स्वस्त. कस्तुरबा नगरला उतरून रिक्षा केली.

"अम्मा, आत काय? टीव्ही?" रिक्षावाल्याने विचारलं.

"नदी," मी तमिळमध्ये म्हटलं. तो हसला, पण साठाचे पन्नासही केले नाहीत.

सुलोचनाबाई साठीच्या, घराणं तंजावरचं मराठी. "या या. माझ्या मराठीला हसू नका हं. आधी काफी घ्या." त्यांचे अप्पा रेल्वेच्या ऑफिसात पुलांचे नकाशे ट्रेस करत. रविवारी नदीवर चित्रं काढायला जात. कागद ऑफिसातल्या रद्द नकाशांचे. सुलोचनाबाईंनी फ्रेमचे खिळे काढून चित्र उलटं केलं, तर मागे अर्ध्या पुलाच्या रेघा! इतकी वर्षं घरात असून मी पाहिल्या नव्हत्या.

मी सगळं सांगून टाकलं. खिडकी, ऊन, माझी चूक.

त्या आत गेल्या आणि ट्रंक ओढत आणली. आत अप्पांची वीसेक चित्रं, जुन्या साड्यांत गुंडाळलेली. ऊन कधी न लागलेली. सगळ्यांची आकाशं पांढरी.

"सोट्टु नीलम," त्या म्हणाल्या. "धुण्याची नीळ हो, बाटलीतली. चांगला निळा रंग परवडायचा नाही अप्पांना. तुमचे ते यायचे की दोन-दोन वर्षांनी. 'राव, आकाश उतरलं,' म्हणायचे. अप्पा परत हात मारून द्यायचे."

"मला म्हणायचे, जॉर्ज टाउनला काच बदलायला नेतो."

"धुण्याची नीळ म्हटलं तर बायको हसेल, असं म्हणायचे."

हसलेच असते. तेव्हाही हसले, आणि मग रडू आलं.

काफी झाल्यावर सुलोचनाबाईंनी वाटीत पाणी घेतलं, निळीचे चार थेंब टाकले आणि रुंद ब्रशने दोनदा फिरवलं. आकाश आलं. कागद वाळायचा होता, म्हणून मुक्काम तिथेच.

सकाळी आम्ही दोघी नदीच्या मुखाशी गेलो. सूर्य उगवतानाच जा, नंतर वाळू तापते. वर आकाश धुरकट, पांढुरकं.

"अप्पांना कुठे निळं दिसलं, देव जाणे," सुलोचनाबाई म्हणाल्या.

मी बराच वेळ बघत बसले. वास फार चांगला नाही तिथे, तेही सांगून ठेवते. पण कित्येक दिवसांत इतकं हलकं वाटलं नव्हतं.

घरी येऊन चित्र पुन्हा खिडकीसमोर लावलं. सून म्हणाली, "आई, परत उडेल हो."

"उडू दे," मी म्हटलं. निळीची बाटली आणली आहे.

ह्यांची आठवण रोज येते, ती काही उतरत नाही. पण सकाळी डोळे उघडले की आता आधी नदी दिसते. माझी चूक दिसत नाही.